गिझरला विसण चालत नाही

कोपरखैरणे, नवी मुंबई
मार्गशीर्ष, सन १९९६

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांवर धाकट्या दत्तूचं डोकं.

पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या देवजीलाही रामराम. आक्का, तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या खेपेला तू देवजीकडून लिहून घेतलंस की उजवा सुधारला आहे पण डावा रुसला आहे. रुसलेल्याला फार विचारत बसू नये, आपोआप येतो वळणावर. म्हैस व्यायली म्हणे. रेडा झाला की रेडी, ते कळव. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे शहाजी ठीक आहे, त्याची तळोज्याच्या कारखान्यातली पाळी चालू आहे. सूनबाई अक्षता ठीक आहे, बेलापूरच्या हापिसात वेळेवर जाते-येते. आपली सुनयना बाळंतपणाला आली आहे, दिवस भरत आल्यामुळे अवघडली आहे, पण ठीक आहे. माझं म्हणशील तर जेवण जात नाही, झोप लागत नाही, छातीत सारखी धाकधूक होते, पण मीही ठीक आहे. तू काळजी करू नकोस. काळजी करायला इथे मी आहे.

(देवजी, कंसात जे लिहीन ते तुझ्यासाठी आहे. ते मोठ्याने वाचायचं नाही. आपण दोघं चौथीपर्यंत एका पाटावर बसलो, तेव्हा तुला मनात वाचता येत नव्हतं हे मला आठवतं. पण आता साठी उलटली, आता जमत असेल असं धरून चालतो.)

तर पत्रास कारण की, आमच्या घरी गिझर आला आहे. गॅसवरचा. तो का आला हे आधी सांगतो, नाहीतर तू म्हणशील की दत्त्याला म्हातारपणी थेरं सुचायला लागली. सुनयनाचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण आमची वेणू जाऊन शिमग्याला दोन वर्षं होतील, आणि बाई नसलेल्या घराला माहेर म्हणायचं की नाही याबद्दल पिंपरीच्या विहीणबाईंना शंका आहे. ती त्यांनी डोहाळजेवणात भर पंगतीत काढली. म्हणाल्या, "व्याही, रागावू नका, पण पोरीचं आम्हीच करतो. आमच्याकडे मी आहे, माझी जाऊ आहे, न्हाणीघर आहे, तांब्याचा बंब आहे. तुमच्याकडे काय आहे?" आक्का, प्रश्न साधा होता. पण समोर हिरव्या साडीत, फुलांची वाडी भरून सुनयना बसली होती, आणि तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी जत्रेत हात सुटला की जशी बघायची, तशी बघितली. त्यावर काहीतरी बोलणं भाग होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे गिझर आहे."

गिझर नव्हता. स्टोव्हवर पातेलं ठेवून आमच्या आंघोळी चालत होत्या. पंगतीत ताटं वाढणारा शहाजी हातात श्रीखंडाचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. घरी परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने गिझर आणून बसवला. मुलगा गुणाचा आहे. (देवजी, हे वाक्य वाचलंस तरी चालेल.) विहीणबाईंनी आम्ही निघताना बजावलं होतं की महिना भरायच्या आत एकदा येऊन सगळी व्यवस्था डोळ्यांनी बघेन, आणि मन भरलं नाही तर पोरीला सोबत घेऊन जाईन. तेव्हापासून मी आणि गिझर, आम्ही दोघं परीक्षेला बसलो आहोत.

आता गिझर म्हणजे काय ते सांगतो. पांढऱ्या पत्र्याची पेटी, पोस्टाच्या पेटीएवढी, मोरीच्या भिंतीवर टांगलेली. आपल्या बंबाला पोट असतं, त्यात पाणी मावतं, विस्तव विझला तरी पोट घटकाभर गरम राहतं. याला पोटच नाही. इकडून गार पाणी शिरतं, तिकडून कढत निघतं, मध्ये काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. काटक्या नकोत, शेणकुटं नकोत, फुंकणी नको. नळ सोडला की आतून टक टक टक असा आवाज येतो, मग भप् असं होतं आणि निळा जाळ दिसतो. पहिल्या दिवशी भप् झालं तेव्हा मी साबणासकट बाहेर आलो. अक्षता स्वयंपाकघरात होती, ती बिचारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तात्या, टेन्शन घेऊ नका, ते तसंच पेटतं." टॉवेल शहाजीने आणून दिला.

बसवणारा किसन घणसोली गावातला. आगरी माणूस, बोलायला मोकळा. त्याने नियम सांगितले ते मी पाढ्यासारखे पाठ केले. आंघोळ चालू असताना मोरीची खिडकी उघडी ठेवायची, कोंडल्या हवेत जाळ माणसाला गुंगी आणतो. जाळ निळा असला तर बरा, पिवळा झाला तर आत काजळी धरली असं समजायचं आणि त्याला बोलवायचं. पाणी शिरतं तिथली जाळी अधूनमधून काढून धुवायची. ठिणगीचे सेल संपले तर बदलायचे. आणि गॅसचा वास आला तर आधी सिलिंडर बंद, मग दारं-खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. मी विचारलं, गॅसचा वास कसा असतो? म्हणाला, "मुद्दाम लावतान तो वास. सरलेल्या कांद्यासारका येतो, कलतंच मानसाला."

आक्का, इथेच माझी पंचाईत झाली. अख्खा जन्म मी कांदा-बटाट्याच्या बाजारात पोती वाहिली. आधी मुंबईत, मग बाजार उठून इकडे तुर्भ्याला आला तेव्हा इथे. सडलेल्या कांद्याचा वास म्हणजे माझ्या लेखी धोका नाही, माझ्या लेखी ती हजेरी. एके दिवशी दुपारी खुर्चीत बसलो होतो आणि मनाला एकदम बरं वाटायला लागलं. बाजार आठवला. पावसाळ्यात भिजलेली वखार, पाठीवर पोतं, टोळीतल्या माणसांच्या हाका, दुपारी गोणपाटावर बसून खाल्लेली भाकरी, आणि भाकरीबरोबर पुन्हा कांदाच. डोळे मिटून बराच वेळ बसलो. वेणू गेल्यापासून इतकं समाधान वाटलं नव्हतं. तेवढ्यात सुनयना नाक धरून आतून आली आणि ओरडली, "तात्या, वास येत नाही का तुम्हाला? गॅस सुटलाय!" तिनेच सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. नळीची चकती सैल झाली होती. त्या पोटुशा पोरीला मी माझ्या सुखापायी काय केलं असतं, या विचाराने त्या दिवशी मला घास गिळवला नाही. (देवजी, हा भाग तर मुळीच वाचू नको. आक्का मला बाजारापासून रागे भरायला सुरुवात करेल.)

त्या दिवसापासून माझ्या नाकावरचा भरवसा मी काढून घेतला. किसनने दुसरा उपाय सांगितला की नळीला साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा फुगला तर समजायचं तिथून गॅस येतो. मी तो नेमाने करतो. सकाळी दाढीचा साबण घोळला की आधी ब्रश घेऊन नळीला फेस लावतो, वरपासून खालपर्यंत, सांध्यासांध्याला दोनदा. चष्मा लावून बघतो. बुडबुडा नाही अशी खात्री झाली की उरलेल्या फेसात माझी दाढी करतो. शहाजी म्हणतो, घरात दोघांची दाढी होते, पण नळी जास्त चकचकीत दिसते. म्हणू दे. बाहेर पडलो की जिना उतरून फाटकापर्यंत जातो आणि सिलिंडर बंद केला होता की नाही ते आठवत नाही, म्हणून परत वर येतो. बंद असतो. मग तो बंद आहे याची खात्री करायला एकदा उघडून पुन्हा बंद करतो. आता फाटकावरचा रखवालदार मला जाताना रामराम करत नाही, दुसऱ्या वेळी निघालो की करतो.

सेलांचंही तसंच. किसन म्हणाला नवीन घाला, पण जुने टाकवत नाहीत. आपण गावी बॅटरीचे सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचो, दुपारपर्यंत त्यांच्यात जीव यायचा. मी इथे खिडकीच्या कठड्यावर ठेवले. ऊन लागून ते आळसावले की काय कोण जाणे, एक सेल घरंगळला आणि खाली सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्कूटरवर पडला. त्यांनी वर बघून विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, आंघोळीची तयारी.

हे सगळं झालं, पण खरं दुखणं वेगळंच होतं. गिझर माझ्यावर रुसला. शहाजी आंघोळीला गेला की सुरळीत चालायचा. अक्षता गेली की चालायचा. सुनयनाला तर बादल्या भरून कढत पाणी द्यायचा. मी पाटावर बसलो की टक टक टक, भप्, निळा जाळ, आणि दोन तांबे घेतो न घेतो तोच फुस्स. पुन्हा टक टक टक, पुन्हा भप्, पुन्हा फुस्स. थंडीचे दिवस, अंगाला साबण, वर नियमाप्रमाणे उघडी खिडकी. मी कुडकुडत देवाचं नाव घ्यायचो आणि मधेच गिझरचं घ्यायचो. दाराबाहेरून सुनयना विचारायची, "तात्या, कुणाशी भांडताय?" मी सेल बदलले. जाळी काढून वेणूच्या जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासली. गिझरवर एक बटण आहे, त्याच्या एका टोकाला सूर्य काढला आहे आणि दुसऱ्या टोकाला चांदणी. सूर्य म्हणजे गरम हे पोरसुद्धा सांगेल, म्हणून मी बटण पार सूर्यावर नेऊन ठेवलं. पाणी होतं त्याहून कोमट झालं.

किसनला बोलावलं. त्याने नळ सोडला, गिझर पेटला आणि पेटलेलाच राहिला, जसा काही सरकारी साहेब तपासणीला आल्यावर तलाठी वागतो तसा. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. किसन हसून म्हणाला, "बाबा, मशीनला काय पन झालेला नाय. तुमचा हात लागला का बंद परतो. तुमी दुसऱ्याच्या हातून पानी कारून घ्या ना." दुसऱ्याच्या हातून पाणी काढून घ्या. त्याला काय माहीत, आक्का. माझा सगळा जन्म दुसऱ्याच्याच हातून पाणी काढून घेण्यात गेला.

अशात विहीणबाई आल्या. आगाऊ कळवून आल्या, पण एष्टीतून उतरल्या त्या धुळीने माखून. म्हणाल्या, आधी आंघोळ करते, मग बोलू. शहाजी पाळीवर होता, अक्षता हापिसात, सुनयनाला मी वाकू देत नाही. म्हटलं, विहीणबाई, तुम्ही बसा, मी पाणी काढून देतो. (देवजी, मी त्या वेळी हे का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही.) मोरीत गेलो, देवाला हात जोडले, नळ सोडला. भप् झालं. बादलीत हात भाजेल असं कढत पाणी पडायला लागलं. मी खुशीत आलो, गार नळही सोडला आणि बादली सारखी करायला बसलो. फुस्स. पेटवला, फुस्स. शेवटी अर्धी बादली नुसतं उबट पाणी घेऊन बाहेर आलो आणि म्हटलं, झालं. त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. पदराने कान पुसत म्हणाल्या, "पाणी छान होतं हो. पंचामृतासारखं. तेवढंच, आणि तसंच."

मी चहा ठेवला. सुनयना कोपऱ्यात बसून दुपटं शिवत होती, तिचा टाका अडकला. विहीणबाई वाईट नाहीत, आक्का, हे मी तुला खरं सांगतो. चहा पिताना त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "व्याही, गिझर राहू द्या. आज नाही चालला, उद्या चालेल. पण बाळाला पायांवर कोण घेणार? तुमचा गिझर?" मग म्हणाल्या, अक्षता नोकरीची, तिने अजून हातात मूल धरलेलं नाही. तुम्ही पुरुष माणूस. बाळंतिणीचं अंग कोण रगडणार, तिला शेक कोण देणार, बाळाची टाळू कोण भरणार? यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पण दिलं, आणि त्या थोड्या नरमल्या, आणि सुनयनाला न घेता एकट्याच परत गेल्या. जाताना मात्र म्हणाल्या की बाळ झाल्याचं कळलं की मी येईन, आणि जे सांगितलंत ते डोळ्यांनी दिसलं नाही तर दोघांना पिंपरीला नेईन.

संध्याकाळी अक्षता हापिसातून आली तेव्हा मी अंधारात बसलो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. ती हापिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते, त्यामुळे तिला रडगाणं ऐकायची सवय आहे. म्हणाली, "तात्या, उठा. कपडे राहू द्या अंगावर. रोज आंघोळ जशी करता तशी करून दाखवा, आम्ही बघतो." मग काय वर्णन करू तुला. मी धोतर-सदऱ्यात पाटावर बसलो, दारात शहाजी, त्याच्या मागे अक्षता, तिच्या खांद्यावरून पोट सांभाळत सुनयना. मी कढत नळ सोडला. भप्. सगळे म्हणाले, चालतोय की! मी तांब्या उचलला, आणि सवयीने हात दुसऱ्या नळाकडे गेला. फुस्स.

"तात्या," शहाजी म्हणाला, "गार नळ कशाला सोडलात?"

"कशाला म्हणजे? विसण नको घालायला?"

मग तिघंही इतकी हसली की सुनयनाला अक्षताने धरून खाली बसवलं. गोष्ट अशी निघाली की आमच्या मोरीत दोन्ही नळांना पाणी एकाच नळीतून येतं. गार नळ सोडला की गिझरकडे जाणाऱ्या पाण्याचा जोर जातो, आणि जोर गेला की तो बिचारा शहाण्यासारखा आपला गॅस आपण बंद करतो. तशी त्याची घडणच आहे. पाणी कमीजास्त गरम हवं तर विसण घालायचं नाही, बटण फिरवायचं. आणि त्या बटणावरचा सूर्य म्हणजे गरम पाणी नव्हे, सूर्य म्हणजे उन्हाळा. उन्हाळ्यात जाळ कमी लागतो म्हणून सूर्यावर जाळ कमी. म्हणजे ऐन मार्गशीर्षात मी गिझरला वैशाख सांगत होतो. बाकीचे तिघं बटण फिरवून आंघोळ करतात. घरात विसण घालणारा मी एकटाच उरलो आहे. नुसता शब्दसुद्धा मी एकटाच वापरतो. कढत पाणी सोसवेल इतपत करायला घातलेलं गार पाणी म्हणजे विसण, हे अक्षताला शहाजीने समजावून सांगितलं.

आक्का, मी हसलो त्यांच्याबरोबर. पण नंतर बसून राहिलो. आपल्या परड्यातला बंब आठवला. आई शेतात भांगलणीला गेलेली, तू परकर खोचून बंबात काटक्या सारायचीस, धुराने डोळे लाल, आणि मी आंब्याखाली नागडा पळायचो. मला धरून आणायचीस. बादलीत कढत पाणी, त्यात घागरीतलं विसण, मग तुझा हात कोपरापर्यंत आत. थोडं थांबायचीस, जणू पाणी तुझ्या कानात काही सांगतंय. मग म्हणायचीस, झालं, बस. त्या पाण्याने मला कधी चटका बसला नाही आणि कधी हुडहुडी भरली नाही. आळीतल्या सगळ्या पोरांना तू पाय पसरून पायांवर घेतलंस. शहाजीला घेतलंस, सुनयनाला घेतलंस. सुनयनाच्या वेळी वेणू दारात बसून बघायची आणि म्हणायची, वन्सं, मला हे जन्मात जमायचं नाही. जमलं तिला. तुझ्या हाताखालीच शिकली. मी बाजारातून दुपारी यायचो, कानात माती, अंगाला कांद्याचा दर्प, आणि मोरीत बादली तयार. मी कधी तिच्यात हात घालून बघितला नाही. बसलो की तांब्या भरून सरळ डोक्यावर. इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही की बाई, यात तू किती विसण घालतेस? ती गेली तेव्हापासून माझं पाणी एकदाही नीट जमलेलं नाही, आणि हे गिझर येण्याच्या आधीपासूनचं आहे. (हे वाच, देवजी. हे वाचायला हरकत नाही.)

असो. तर गिझरचं गाऱ्हाणं मिटलं. आता मी आधी कढत पाणी बादलीत भरून घेतो, तो नळ बंद करतो, गिझरला सुट्टी देतो आणि मग गार नळ सोडून सावकाश विसण घालतो. जाळ निळा आहे. खिडकीचंही जमवलं आहे, बाळाच्या अंगाला वारा लागू नये म्हणून पाणी आधी भरून घ्यायचं, जाळ विझवायचा, हवा खेळू द्यायची, मग खिडकी लावायची आणि बाळाला आत न्यायचं. अक्षताने तिची बेलापूरची रजा लिहून ठेवली आहे. डिंक आणला, खारीक आणली, बाळंतशोपा आणल्या. आता एवढंच विचारायचं आहे की तान्ह्या बाळाच्या पाण्यात किती तांबे कढत आणि किती तांबे विसण, ते देवजीकडून एका कार्डावर लिहून पाठव. तू म्हणशील हात घातला की कळतं. पण माझे हात पोत्यांचे आहेत. अक्षताने विस्तवावरची वाटी माझ्या हातात दिली तरी मला ती गरम आहे हे कळायला वेळ लागतो. अशा हाताने मी एवढ्याशा जिवाचं पाणी कसं बघू? म्हणून माप कळव.

तू स्वतः यायची तसदी मुळीच घेऊ नकोस. इथे तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. तुझा डावा गुडघा रुसलेला. खाडीकडून वारा आला की तुला इथला वास आवडत नाही, हे मागच्या वेळी तू जाताना, येताना आणि मुक्कामात सांगितलं होतंस. शिवाय म्हशीला तुझ्याखेरीज कोणी हात लावू शकत नाही. तेव्हा नुसतं कार्ड पुरे. सुनयना तुला नमस्कार सांगते. शहाजी-अक्षता पाया पडतात.

तुझ्याच हातच्या पाण्याने वाढलेला,
दत्तू

ता. क. विहीणबाईंना मी काय उत्तर दिलं ते जागा उरली म्हणून लिहितो. त्यांनी विचारलं बाळाला पायांवर कोण घेणार, तेव्हा मी म्हटलं, आमची आक्का येणार आहे. त्यांनी विचारलं, कधी? मी म्हटलं, निघालीच आहे. हे तुला न विचारता बोललो. आता तू नाही म्हणालीस तरी मी तुला दोष देणार नाही, फक्त सुनयनाला पिंपरीच्या गाडीत बसवायला स्टँडवर मी जाणार नाही, शहाजीला पाठवीन. मला ते बघवणार नाही.

ता. क. दुसरा. म्हशीचं म्हणशील तर ती देवजीला धार देते, हे त्याने मला मागच्या पत्रात तुझ्या मजकुराखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्याचं म्हणशील तर शहाजी आणि मी तुला खुर्चीत बसवून वर नेऊ. आयुष्यभर पोतीच वाहिली आहेत, आणि पोत्यांनी कधी मला शिव्या दिल्या नाहीत, तू देशील, तेवढाच फरक. आपल्या भागातून आल्याच्या गोण्यांचा ट्रक रोज बाजारात येतो. ड्रायव्हर ओळखीचा आहे, केबिनमध्ये गादी टाकून देतो म्हणाला.

ता. क. तिसरा. पाकिटाला डिंक लावून झाला होता, तो पाण्याने सोडवून पुन्हा लिहितो आहे. सुनयनाला आज पहाटेच कळा सुरू झाल्या, आम्ही धरलेल्या दिवसांच्या आधीच. वाशीच्या दवाखान्यात नेली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. काळीभोर जावळं आहेत आणि रडते ती बाजारातल्या लिलावासारखी. विहीणबाईंना फोन केला, त्या परवा पोचतील. सुनयनाने भानावर येऊन पहिलं काय विचारलं असेल तर, "आत्या निघाली का?" मी हो म्हटलं. आता हे पत्र टपालात न टाकता आल्याच्या परतणाऱ्या ट्रकबरोबर देतो आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल, आणि तोच ट्रक आज रात्री भरून पुन्हा इकडे निघेल. दवाखान्यातल्या बाईंनी पोरीला नुसतं कापसाने पुसून दिलं आहे. उद्या घरी सोडणार आहेत. आक्का, तुझी नात अजून पारोशी आहे.